हट्टाचा हुकूमनामा

धुळ्याच्या एकवीरा देवीच्या चैत्रातील यात्रेत चार वर्षांचे पोर लाकडी भोवऱ्याकडे ढुंकूनही न पाहता, 2008 साली दूरचित्रवाणीवर अवतरलेल्या छोटा भीमच्या मुखवट्यासाठी आकांत मांडते, तेव्हा त्या हट्टाचा हुकूमनामा कोठून सुटला हे सांगावयास पंडित नको. आवड उपजतच असते, हा व्यापाऱ्यांचा युक्तिवाद मला मान्य नाही. कारण तेच पोर पोळ्याला मातीचा बैल दिवसभर हातातून सोडीत नाही, आणि त्या दिवशी सारा खानदेश बैलांचेच कौतुक करीत असतो; म्हणजे आवड भोवताल घडवितो. स्वीडनने 1991 पासून बारा वर्षांखालील मुलांना उद्देशून दूरचित्रवाणीवर जाहिराती करण्यास मनाई केली आहे. आपल्याकडेही 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध नियम झाले, परंतु कार्यक्रमच जेथे जाहिरात होऊन बसला, तेथे अंमलदाराने पकडावे कोणाला?