पॅनेल बंद पडलं तरी ओव्हनचा पत्रा उघडू नका!

मायक्रोवेव्हचं पॅनेल चालत नाही म्हणून या क्षणी तुमच्या घरात कुणी मागचे स्क्रू काढायला बसलं असेल, तर त्याला आधी थांबवा. बाकीचं नंतर वाचा.

दर पावसाळ्यात ही तक्रार वाढते. डिस्प्ले काळा पडतो, एक बटण दाबलं तर भलताच आकडा उमटतो, स्टार्ट दाबून दाबून बोट दुखतं आणि ओव्हन ढिम्म हलत नाही. दुरुस्तीवाला चार दिवसांनी येतो म्हणतो. तोवर मोबाईलवर ‘घरच्या घरी दुरुस्त करा’ असा व्हिडिओ सापडतो, आणि मिक्सर, इस्त्री स्वतः उघडून नीट करणाऱ्या घरातल्या हुशार मुलाला वाटतं, प्लग तर काढलाय, आता कसली भीती?

भीती प्लग काढल्यानंतरचीच आहे. आपल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात. ओव्हनमधला जड ट्रान्सफॉर्मर त्याचे सुमारे २,००० व्होल्ट करतो आणि कपॅसिटर व डायोड मिळून सूक्ष्मलहरी तयार करणाऱ्या मॅग्नेट्रॉनला त्याच्या जवळपास दुप्पट दाब पुरवतात. ट्रान्सफॉर्मरच्या जागी इन्व्हर्टर असलेल्या ओव्हनमध्येही दाब असाच जीवघेणा असतो. प्लग काढल्यावर कपॅसिटरमधला विजेचा साठा उतरावा म्हणून एक रेझिस्टर बसवलेला असतो. तो शाबूत असेल तर साठा थोड्या वेळात उतरतो. तुटला असेल तर कपॅसिटर भरलेलाच राहतो, आणि तो तुटलाय हे बाहेरून पाहून कळत नाही. तिथे बोट किंवा स्क्रूड्रायव्हर चुकून टेकला तर जीव जाऊ शकतो. टेस्टर लावून ‘आत करंट नाही’ असं ठरवू नका, त्या साठ्याचा पत्ता टेस्टरला लागत नाही. चालू ओव्हनच्या त्या भागाला घरातला साधा मल्टिमीटर लावणं तर आत्मघात आहे. तो ६०० किंवा फार तर १,००० व्होल्टसाठी बनवलेला असतो.

बिघाड पुढच्या पॅनेलमध्ये, मग आतल्या कपॅसिटरशी आपला काय संबंध, असं लोक मला नेहमी विचारतात. संबंध जागेचा आहे. बहुतेक ओव्हनमध्ये उजव्या हाताच्या पॅनेलच्या बरोबर मागच्या कप्प्यातच ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर आणि मॅग्नेट्रॉन बसवलेले असतात, आणि पॅनेल सोडवायचं तर वरचा पत्रा काढून त्याच कप्प्यात हात घालावा लागतो. शिवाय कंट्रोल बोर्डवरही थेट २३० व्होल्ट येतात. म्हणून ‘फक्त बटणांची रिबन साफ करतो’ या बोलण्यावर विसंबू नका.

पत्रा न उघडता करण्यासारखं बरंच आहे, आणि अनेकदा तेवढ्यावर काम भागतं. आधी प्लग काढून पाच-दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा लावा. विजेच्या झटक्याने गोंधळलेला बोर्ड अशाने बरेचदा ताळ्यावर येतो. त्याच सॉकेटवर दुसरं उपकरण चालतं का, एमसीबी पडलाय का ते पाहा. डिस्प्लेवर कुलपाचं किंवा किल्लीचं चिन्ह दिसत असेल तर लहान मुलांसाठीचं लॉक लागलेलं आहे. स्टॉपचं किंवा लॉकचं बटण काही सेकंद दाबून धरल्यावर बहुतेक मॉडेलमध्ये ते सुटतं. आकडे पळतात, ताटली फिरते, पण पदार्थ थंडच राहतो, असं असेल तर दुकानातला डेमो मोड चालू राहिलाय का ते माहितीपुस्तिकेत बघा. दार नीट बसतंय ना, खाचेत अन्नाचा कण अडकलाय का, तेही तपासा. डिस्प्लेवर ‘ई’ किंवा ‘एफ’ आणि पुढे आकडा येत असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. त्या खुणेचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, पण दुरुस्तीवाल्याचा अर्धा तास त्याने वाचतो आणि तुम्हाला कुणी भलतंच कारण सांगू शकत नाही.

ठरावीक बटणंच चालत नसतील, किंवा कोरड्या हवेत चालून पावसाळी दिवसांत अडत असतील, तर बहुधा बटणांच्या पातळ पडद्यात ओल शिरलेली असते. हा बिघाड त्रासाचा, पण तितका भयाचा नाही. खरी घाई पुढच्या खुणा दिसल्या की करा. कुणी हात न लावता बटणं आपोआप दाबली जातात. दार लावताच, स्टार्ट न दाबता, ओव्हन सुरू होतो. वेळ संपली तरी तापवणं थांबत नाही. दार उघडूनही आत घरघर चालू राहते. यातलं शेवटचं ओळखताना घाबरू नका. स्वयंपाक झाल्यावर काही मॉडेलमध्ये थंड करणारा पंखा मिनिटभर फिरतो, ते ठीक. बाकी यांपैकी काहीही दिसलं की प्लग काढा आणि दुरुस्ती होईपर्यंत लावू नका. बोर्डवरचा रिले चिकटला तर रिकामा ओव्हन रात्री आपोआप तापत राहू शकतो, आणि त्यातून आग लागू शकते. आत पेट घेतलाच तर दार उघडू नका. सॉकेटचं बटण बंद करा, हवा न मिळाल्याने ज्वाला विझते.

आता दुरुस्ती करणाऱ्या बांधवांना हात जोडून विनंती. दाराला सहसा तीन सुरक्षा-स्विच असतात. दार उघडं असताना मुख्य स्विच चिकटून राहिला, तर तिसरा स्विच मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो, म्हणजे उघड्या दारातून लहरी बाहेर येऊ नयेत. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय म्हणून तिथे जाड तार घालणं, किंवा ‘तात्पुरता’ म्हणून स्विच जोडून टाकणं हा गुन्हाच मानला पाहिजे. त्या ओव्हनसमोर दुसऱ्या दिवशी कुणाची तरी आई उभी राहणार असते, आणि त्या लहरींनी डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते. ग्राहकांनीही दुरुस्तीनंतर विचारावं: दाराचे स्विच तपासले का, गळती मोजली का? दारापासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट ही मर्यादा आहे.

पॅनेल बिघडायची कारणं आपल्या ओट्यावरच असतात. ओव्हन गॅसच्या शेजारी किंवा कुकरच्या वाफेत ठेवू नका. वरच्या-मागच्या जाळ्यांवर विणलेला रुमाल घालू नका. पॅनेल पुसताना पाणी फवारू नका, ओलसर फडकं घट्ट पिळून वापरा. झुरळांना त्या बोर्डाची ऊब फार आवडते; रात्री ओटा कोरडा ठेवला तरी अर्धं काम होतं. ८०० वॉटचं म्हणून विकलेलं यंत्र सॉकेटमधून १,२०० वॉटच्या आसपास ओढतं, आणि कन्व्हेक्शनचं त्याहून जास्त. त्याला अर्थिंग असलेलं १६ अँपिअरचं सॉकेट हवं, एक्स्टेन्शन बोर्ड चालणार नाही. इमारतीत न्यूट्रल सैल झालाय, दिवे अचानक फार उजळतात, पंखे वेड्यासारखे फिरतात, अशी शंका आली की आधी ओव्हनचा प्लग काढा आणि लगेच वायरमनला किंवा वीज कंपनीला कळवा.

सर्व्हिस सेंटर ‘बोर्ड मिळत नाही, नवा ओव्हन घ्या’ म्हणालं तर लगेच मान डोलवू नका. हे उत्तर लेखी मागा, बिल मागा, काढलेला जुना भाग परत मागा. अनेक कंपन्या मॅग्नेट्रॉनला जास्त वर्षांची हमी देतात पण पॅनेलला एकाच वर्षाची, म्हणून हमीपत्र स्वतः वाचा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ओव्हन खरोखर मोडीत काढायचा असेल तर तो अधिकृत ई-कचरा संकलनात द्या. भंगारातून काढलेल्या त्या ट्रान्सफॉर्मरने लाकडावर विजेची नक्षी जाळण्याच्या नादात अमेरिकेत अनेक जण मेले आहेत, आणि ते व्हिडिओ आपल्या मुलांच्या मोबाईलवरही दिसतात.

कुणाला झटका बसलाच तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा, मग १०८ ला फोन करा, श्वास थांबला असेल तर छाती दाबणं सुरू करा.

शाळा-कॉलेजांतल्या विज्ञानशिक्षकांनी, सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनी आणि महिला मंडळांनी हे आवाहन आपापल्या फलकावर लावावं. आणि तुमच्या घरात स्क्रूड्रायव्हर घेऊन वस्तू उघडणारं एखादं मूल असेल, तर त्याला रागावू नका. आज रात्री जेवताना शेजारी बसवून कपॅसिटरबद्दलचा तो परिच्छेद त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्या.