मिलिंदचे दार आणि वाळूजचे गेट

बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच विषय. पोरीला पुण्याला पाठवायचे की जवळच्याच कॉलेजात घालायचे? आई म्हणते, नजरेसमोर असू दे. वडील म्हणतात, इथे शिकून नोकरी कुठे लागते? दोघांचेही खरे आहे. म्हणून जवळचे कॉलेज कशाने वाढते, हे एकदा पाहिले पाहिजे. त्यासाठी आपल्या मराठवाड्याइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

१९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. तोवर औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, इंटरपर्यंतच शिकता येत असे. पदवी हवी तर हैदराबाद गाठायचे. उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. खेड्यातल्या शेतमजुराच्या मुलाकडे गाडीभाड्याचे पैसे जमले, तरी पुढे भाषा आडवी येई.

बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणाला शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. १९५० च्या जूनमध्ये सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. इथला विद्यार्थी वेगळा होता. तो लांबच्या गावाहून येणारा, शहरात ओळखीचे कोणी नसलेला, खोली मागायला गेला तर आधी जात विचारली जाणारा. त्याला सकाळच्या वर्गापेक्षा वसतिगृह हवे होते, आणि ते कॉलेजबरोबरच उभे राहिले. मुंबईत घड्याळ बदलले, मराठवाड्यात छप्पर दिले. कॉलेज विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाढते ते असे. पुढे नागसेनवनात विज्ञानाचे आणि वाणिज्याचे वेगळे कॉलेज निघाले.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि हैदराबादचे हेलपाटे संपले. २७ जुलै १९७८ च्या विधिमंडळाच्या ठरावानंतर काय काय जळाले आणि १४ जानेवारी १९९४ चा दिवस किती वर्षांनी उजाडला, ते या पानाच्या वाचकांना सांगायला नको. त्याच १९९४ साली नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले. पुढे धाराशिवला उपपरिसर आला. विद्यापीठ विद्यार्थ्याच्या गावाकडे सरकत गेले, हे चांगलेच झाले.

पण त्याच काळात कारखानेही सरकत होते. चिकलठाणा झाले, ऐंशीच्या दशकात वाळूजला बजाजचा कारखाना आला, मागाहून शेंद्रा. त्यांना फिटर हवे होते, वायरमन हवे होते, डिप्लोमावाले हवे होते. आमची मुले मात्र बी. ए. होऊन कंत्राटदाराच्या रांगेत उभी. कॉलेज आणि कारखान्याचे गेट यांत काही मैलांचेच अंतर, पण ते तोडायची तसदी दोन्ही बाजूंनी फारशी घेतली नाही. मालक म्हणतात, पदवीधराला काही येत नाही. (तुम्ही कधी कॉलेजात येऊन सांगितले का, काय यायला हवे ते?) प्राध्यापक म्हणतात, अभ्यासक्रम आमच्या हातात नाही.

आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमातच प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आले आहे. कागदावर उत्तम. मात्र ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का आणून गुण मिळवायचे असतील, तर त्याचा काय उपयोग? आणि कारखान्याला आज हवे तेवढेच शिकवा, इतिहास-मराठीचे वर्ग बंद करा, असे म्हणणाऱ्यांचेही मला पटत नाही. पेट्रोलच्या गाडीचे काम शिकलेल्याला विजेच्या गाडीने पुन्हा शिकायला लावलेच ना? ज्याला नीट वाचता, लिहिता आणि प्रश्न विचारता येतो, तो दुसऱ्यांदाही शिकतो. मिलिंद राजा प्रश्न विचारी आणि नागसेन उत्तर देई, ते नाव कॉलेजला उगाच दिलेले नाही.

पालकांनी एक कायदा मात्र जाणून घ्यावा. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा. २०१९ च्या सुधारित नियमांप्रमाणे ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात आणि त्यांना दरमहा विद्यावेतन द्यावे लागते. आयटीआयवालेच नव्हे, पदवीधरही त्यात बसतात. ठरावीक व्यवसायांतल्या जागांत अनुसूचित जातींसाठी राखीव जागाही कायद्यातच आहेत. खासगी कारखान्यात आपल्याला काही नाही, असे म्हणून घरी बसणाऱ्या किती मुलांना हे ठाऊक आहे?

तेव्हा यंदा प्रवेशाला जाल, तेव्हा इमारतीचा रंग पाहू नका. कार्यालयात विचारा की मागच्या तुकडीतली मुले प्रशिक्षणाला कुठे गेली आणि किती दिवस. नावे सांगता आली नाहीत, तर काय समजायचे ते समजा. प्रयोगशाळा उघडायला सांगा, यंत्रावर धूळ आहे का पाहा. मुलीसाठी वसतिगृह आहे का आणि शेवटचा तास सुटल्यावर एसटी मिळते का, हेही विचारा. कित्येक मुलींचे शिक्षण त्या एका एसटीपायी सुटते. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर समाजकल्याण कार्यालयात स्वाधार योजनेची चौकशी करा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या जेवणाखाणाच्या आणि राहण्याच्या खर्चासाठीच ती आहे. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवा. प्रवेशाच्या दिवसांत तहसीलला रांग फार लांब असते.