पडद्याआडच्या प्रकाशाच्या चाव्या कोणाकडे?

विशेष प्रतिनिधी

मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवताच फोन उघडतो. अनेक फोनमध्ये या क्षणभराच्या कृतीमागे एक सूक्ष्म प्रकाशयंत्रणा असते आणि ती कारखान्यात घडण्याआधी संगणकावर आकाराला येते. त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर कोणाच्या ताब्यात असावे, हा प्रश्न २०२५ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या व्यवहारामुळे ऐरणीवर आला.

चीनच्या विवो कंपनीने २०१८ च्या प्रारंभी पडद्याखाली ठसा ओळखणारा फोन सादर केला. अशा फोनमध्ये ओएलईडी पडदा हाच दिवा ठरतो. बोटाखालचा भाग उजळतो आणि परतलेल्या प्रकाशाचा अल्पसा अंश पडद्याच्या बिंदूंमधील फटींतून खाली झिरपून संवेदकावर पडतो. ठशाचा उंचवटा काचेला टेकतो. खोबणीत मात्र हवेची पोकळी राहते. दोन्हींकडून परतणाऱ्या प्रकाशातील फरकावरून ठशाचे चित्र तयार होते.

हा फरक फार थोडा असतो. रखरखीत ऊन, कोरडे बोट किंवा पडद्यावर चिकटवलेली जाड काच यांमुळे तो पुसट होतो. प्रत्येक शक्यतेसाठी नवा नमुना घडवणे परवडणारे नसते, कारण भिंगाच्या वक्रतेत किंचित बदल केला तरी नवा साचा लागतो. म्हणून पडदा, काच, भिंग व संवेदक संगणकात मांडून लक्षावधी किरणांचा मार्ग काढला जातो. यालाच अभियंते सिम्युलेशन म्हणतात. अतिसूक्ष्म रचनांच्या ठिकाणी किरणांचे गणित अपुरे पडते. तेथे प्रकाशलहरींचे गणित करावे लागते.

हे काम करणारी नामांकित सॉफ्टवेअर मोजक्याच कंपन्यांकडे आहेत. अ‍ॅन्सिस या अमेरिकी कंपनीने २०१८ मध्ये ऑप्टिस, २०२० मध्ये लुमेरिकल आणि २०२१ मध्ये झीमॅक्स या कंपन्या विकत घेतल्या. पुढे जुलै २०२५ मध्ये सिनॉप्सिसने अ‍ॅन्सिसच सुमारे ३५ अब्ज डॉलरना ताब्यात घेतली. सिनॉप्सिसकडे २०१० पासून ‘कोड व्ही’ आणि ‘लाइटटूल्स’ ही प्रतिस्पर्धी सॉफ्टवेअर होती. स्पर्धा संपुष्टात येईल, या कारणास्तव अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ती विकण्याची अट घातली आणि हा विभाग कीसाइट कंपनीकडे गेला. स्पर्धा टिकली, मात्र दोन्ही बाजूंच्या कंपन्या अमेरिकीच राहिल्या.

याचा अर्थ काय होऊ शकतो, याची चुणूक त्याच वर्षी दिसली. मे २०२५ च्या अखेरीस अमेरिकी सरकारने चिपचे आराखडे करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चीनमधील विक्रीवर निर्बंध घातले. जुलैच्या प्रारंभी ते उठवले. निर्बंधांचा रोख चिपच्या सॉफ्टवेअरवर होता, प्रकाशयंत्रणांच्या नव्हे. तरीही आराखड्याचे साधन रोखून एखाद्या देशाच्या उद्योगाची कोंडी करता येते, हे त्यातून स्पष्ट झाले.

भारताने मोबाइल जोडणीत मोठी मजल मारली आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ‘चिप्स टू स्टार्टअप’ कार्यक्रमातून शिक्षणसंस्थांना चिप-आराखड्याची परदेशी सॉफ्टवेअर उपलब्ध होऊ लागली. प्रकाशशास्त्राच्या वाट्याला मात्र इतके लक्ष आलेले नाही. वास्तविक देशात कौशल्याचा दुष्काळ नाही. चंडीगडच्या ‘सीएसआयओ’ने तेजस विमानासाठी वैमानिकाच्या डोळ्यांसमोर माहिती दाखवणारा हेड-अप डिस्प्ले विकसित केला. तीही प्रदर्शक, भिंगे आणि आरसे यांची जुळणीच आहे. शिवाय अ‍ॅन्सिसचे एक केंद्र पुण्यातही आहे.

अशा प्रयोगशाळांतील हे ज्ञान अभियांत्रिकी महाविद्यालये व उद्योगांपर्यंत नेणे, ही पहिली पायरी ठरेल. किरणमार्गाची मूलभूत सूत्रे कोणाच्या मालकीची नाहीत. त्यांवर आधारित स्वदेशी किंवा मुक्त सॉफ्टवेअर उभारणे दीर्घ पल्ल्याचे असले तरी आवाक्याबाहेरचे नाही. अन्यथा फोन ‘मेड इन इंडिया’ असेल, पण त्याच्या पडद्याआडच्या प्रकाशाची वाट परक्यांनीच आखलेली असेल.