बरे वाटले, पण कशाने?

रोटेटर कफ पूर्ण फाटून कंडरा ग्लेनॉइडपर्यंत मागे सरकलेली आणि स्नायूत चरबी भरलेली असेल, तर दुर्बीण घातल्यावर शल्यविशारदाला करण्याजोगे फारसे उरत नाही. कंडरेचे टोक हाडापर्यंत येत नाही. ओढून आणले तरी बहुधा टिकत नाही. अशा वेळी ॲक्रोमियनखाली सलाइनने फुगवायचा, पुढे आपोआप विरघळणारा फुगा अनेकांना भावला, यात नवल नाही. ह्युमरसचे डोके खाली धरून डेल्टॉइडला सावरायला अवधी द्यायचा, ही कल्पना पटण्यासारखी आहे. सुरुवातीच्या रुग्णमालिकांतले निकालही चांगले होते. पण त्यांत तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता, आणि आमचा आक्षेप नेमका तिथे आहे.

२०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ब्रिटनमधील चाचणीने ही उणीव भरून काढली. कंडरा जोडता येणार नाही याची शस्त्रक्रियेतच खात्री झाल्यावर ११७ रुग्णांची यादृच्छिक विभागणी झाली. डिब्राइडमेंट आणि बायसेप्स टिनॉटमी दोन्ही गटांत होती. फुगा एकाच गटात. कोणाला काय मिळाले, हे रुग्णाला आणि मोजणाऱ्याला ठाऊक नव्हते. वर्षाअखेरीस ऑक्सफर्ड शोल्डर स्कोअर ४८ पैकी फुगा न घातलेल्यांचा सरासरी ३४.३, तर घातलेल्यांचा ३०.३ भरला. फायदा दिसण्याची शक्यता उरली नाही म्हणून चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली.

मग फुगा घातलेल्या आपल्या रुग्णांना बरे का वाटते? वेदना कमी होणे आणि कफ भरून येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००४ मध्ये गॅलॅट्झ आणि सहकाऱ्यांनी दुर्बिणीने शिवलेल्या १८ मोठ्या फाटींपैकी १७ सोनोग्राफीत पुन्हा उघडलेल्या आढळल्या. तरीही बहुतेक रुग्णांची वेदना कमी झाली होती, हातही वर जात होता. म्हणजे रुग्णाचे समाधान ही साधनाच्या उपयुक्ततेची साक्ष होत नाही. डिब्राइडमेंट, टिनॉटमी आणि चिकाटीने केलेली फिजिओथेरपी यांचे श्रेय फुग्याच्या खात्यावर सहज जमा होते.

अमेरिकेतील एका चाचणीत फुगा आंशिक दुरुस्तीपेक्षा कमी ठरला नाही, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण त्या चाचणीत नुसत्या डिब्राइडमेंटचा गट नव्हता. मग दोहोंनी मूळ उपचारात काय भर घातली, हे तिच्यावरून कसे ठरवणार? ब्रिटिश चाचणी लहान होती, हा दुसरा आक्षेप. लहान होती खरी. पण थांबवण्याचे निकष आधीच ठरलेले होते, आणि उपयोग सिद्ध करण्याची जबाबदारी नव्या साधनाची असते, जुन्या उपचाराची नव्हे. सांधा झिजलेल्या, हात वर न जाणाऱ्या वयस्कर रुग्णासाठी रिव्हर्स शोल्डरचा विचार अर्थातच वेगळा. बाकीच्यांना संमतीपत्रावर सही घेण्याआधी ३४.३ आणि ३०.३ हे दोन आकडे सांगावेत, आणि फुग्याचा खर्च त्यांच्या शेजारी मांडावा.