सही करण्यापूर्वी तास मोजा

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ‘नमुना १५’ नावाची नोंदवही असते, हे जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांमधील किती तरुणांना ठाऊक आहे? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार शिकणाऱ्याने कोणत्या दिवशी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत गाडी चालविली, हे तीत लिहावे लागते. खासगी कारसाठी किमान २१ दिवस व प्रत्यक्ष १० तास. व्यावसायिक वाहनासाठी ३० दिवस व १५ तास.

ज्याच्या दारात बापाची गाडी उभी आहे, त्याचे तास घरीच भरतात. मजुराच्या पोराला मात्र फी भरून मिळतील तेवढेच तास. त्यातही मागच्या सीटवर बसून दुसऱ्याचे स्टिअरिंग पाहिल्याचा वेळ त्याच्या नावावर चढविला जात असेल, तर ती उघड लूट आहे. २०१९ मध्ये व्यावसायिक परवान्यासाठीची आठवी पासची अट गेली, शाळा सुटलेल्यांना रोजीरोटीची वाट खुली झाली. पण सुरत-नागपूर महामार्गावर भरलेला ट्रक कागदावरच्या तासांनी आवरत नाही!

तेव्हा बंधू-भगिनींनो, कोऱ्या रकान्यावर सही करू नका. रोजचे तास स्वतःच्या वहीत टिपा, नोंदवहीशी ताडून पाहा. तफावत दिसली तर आरटीओ कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.