तिकिटं खपवणारी माणसं

गिंडीहून अड्यारकडे जाणारा सरदार पटेल रस्ता चेन्नईतल्या सर्वांत हिरव्या रस्त्यांपैकी एक असावा. राजभवन, मुलांचं उद्यान, गांधी मंडपम, अण्णा विद्यापीठ, आयआयटी. झाडांना कुठेच तोटा नाही. याच रस्त्यावर कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. तिच्या दारापाशी कधीही जा, फायलींची पिशवी छातीशी धरून बसलेली माणसं दिसतात. तमिळ तर कानावर पडतेच, पण तेलुगू आणि बंगालीही पडते. एखाद्या दिवशी मराठीसुद्धा.

ही संस्था बायकांनी वर्गणी गोळा करून उभी केली. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची बहीण कर्करोगाने गेली होती. पुढे त्यांनी विमेन्स इंडियन असोसिएशनच्या मैत्रिणींना कामाला लावलं आणि निधी जमवायला घेतला. १९५२ मध्ये पंडित नेहरूंनी कोनशिला बसवली, १९५४ मध्ये १२ खाटांचं रुग्णालय सुरू झालं. डॉ. व्ही. शांता १९५५ मध्ये तिथे रुजू झाल्या आणि २०२१ मध्ये जाईपर्यंत तिथल्याच राहिल्या. २००५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, लोकसेवेच्या विभागात.

त्याच विभागात त्यांच्या आधी या शहरातल्या आणखी एका बाईंना तो मिळाला होता. १९७४ मध्ये, गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांना. खरं तर मॅगसेसेमध्ये कलेलाही जागा होती. पत्रकारिता, साहित्य आणि सर्जनशील कलांच्या विभागातून सत्यजित राय यांना १९६७ मध्ये तो मिळालेला होता. एम. एस. अम्मांना मात्र निवड समितीने डॉक्टरांच्या आणि समाजसेवकांच्या पंक्तीला बसवलं, कारण त्यांनी चार दशकं गाऊन इस्पितळं, शाळा, देवळं आणि अनाथाश्रम यांच्यासाठी पैसा उभा केला होता. १९४४ मध्ये कस्तुरबा गेल्या, तेव्हा त्यांच्या स्मारकनिधीसाठी अम्मांनी पाच मैफली केल्या. १९६३ मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं व्यंकटेश सुप्रभात तर आपल्याकडेही पहाटेच्या चहाइतकं घरचं झालं. त्याचं स्वामित्वधन तिरुपती देवस्थानाच्या वेदपाठशाळेकडे गेलं.

हे सगळं सांगताना एक माणूस नेहमी कडेला पडतो. अम्मांचे यजमान टी. सदाशिवम. राजाजींचे अनुयायी, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात जाऊन आलेले. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे: हे गृहस्थ एकेकाळी ‘आनंद विकटन’ या साप्ताहिकात जाहिरातींचं काम बघत. म्हणजे कुणाकडे गेलं की पैसे निघतात, कुणाला पहिल्या रांगेची हौस आहे आणि कुणाला नाव छापून आलं की पुरतं, याचं पक्कं शिक्षण झालेलं. कुणासाठी गायचं, कधी आणि कुठे गायचं, हे ठरवत तेच. स्वतःचं ‘कल्की’ साप्ताहिक उभं करायला भांडवल हवं होतं, तेव्हा अम्मांनी ‘सावित्री’ या तमिळ चित्रपटात नारदाचं काम केलं. त्या १९४१ च्या चित्रपटातली सावित्री होती आपली शांता आपटे, तमिळ शिकून घेऊन उभी राहिलेली. मद्रासच्या या हिशेबात मराठी वाटा असा आहे, आणि तो फारसा कुणाला ठाऊक नाही.

सदाशिवम यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. बायकोच्या गळ्यावर यांचीच हुकमत चालते, असं लोक म्हणत. त्यात तथ्य असेलही. पण मदतीच्या कार्यक्रमाला असा एक हट्टी, हिशेबी आणि थोडा नकोसा माणूस लागतोच, या मताला मी आता आलो आहे.

उलट उदाहरण जगप्रसिद्ध आहे. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी पंडित रविशंकर यांनी जॉर्ज हॅरिसनला गळ घातली आणि थोड्याच आठवड्यांत दोन खेळ उभे राहिले. चाळीस हजार लोक आले, तिकिटांचे जवळजवळ अडीच लाख डॉलर युनिसेफला मिळाले. इथपर्यंत झकास. पण त्याहून मोठी रक्कम ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटातून येणार होती, आणि कार्यक्रमाआधी युनिसेफशी कागदोपत्री करार करायचं घाईत राहून गेलं होतं. अमेरिकेच्या करखात्याने तो पैसा वर्षानुवर्षं अडकवला. निर्वासित मायदेशी परतले तरी फाइल सुटली नव्हती. दोन थोर वादक, पण मंडळात एखादा पेन्शनर हिशेबतपासनीस असता तर बरं झालं असतं.

आपल्याकडची परंपरा काही लहान नाही. ८ जुलै १९२१ ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झालं. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन कंपन्यांचे मालक, बालगंधर्व आणि केशवराव भोसले, एकाच रंगमंचावर. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले, म्हणून तो प्रयोग दंतकथाच होऊन बसला. १९५४ मध्ये, इकडे ते १२ खाटांचं रुग्णालय सुरू होत होतं त्याच वर्षी, पुण्यात हिराबागेत लता मंगेशकर दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामाच्या निधीसाठी गायल्या. सुधीर फडके ऊर्फ बाबूजी यांनी तो कार्यक्रम जमवून आणला होता. बाबूजींना सुरांइतकीच वर्गणीची नड कळत होती, हे त्यांचं फार मोठेपण. आणि आजही आनंदवनातला ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद गावोगाव फिरतो. कुष्ठरोगातून बरे झालेले, अंध, अपंग कलावंत स्वतःच्याच घरासाठी गातात.

चेन्नईत आम्ही थोडी मराठी माणसं असंच काही करू बघतो. अभंगांचा कार्यक्रम ठेवला तर सभागृह भरायची चिंता नसते, कारण अर्ध्याहून जास्त श्रोते तमिळ असतात. तंजावरच्या मराठी राज्यामुळे आपलं कीर्तन इथे केव्हाच रुजलं. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर रामचंद्रबुवांनी तंजावरच्या लोकांना वेड लावलं आणि त्यातून इथली हरिकथा नव्याने घडली. आता अरुणा साईराम अभंग गाऊ लागल्या की मायलापूरच्या मामी पहिल्याच चरणाला टाळ्यांचा ठेका धरतात. आपल्याला विठ्ठल ठाऊक असतो, त्यांना पाठ असतो.

पण खोळंबा सभागृहाबाहेर असतो. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, या शहरात इतक्या संगीतसभांमध्ये इतकं उत्तम गाणं फुकट ऐकायला मिळतं, की तिकीट म्हटल्यावर सज्जन माणूसही नजर चुकवतो. स्मरणिकेत अर्ध्या पानाची जाहिरात मिळवायला एका दुकानदाराकडे तीनदा जावं लागतं, आणि तिसऱ्यांदा तो कॉफी पाजून पाव पान देतो. मग वाद येतो साथीदारांचा. ‘चांगल्या कामासाठी आहे, तबलजीने बिदागी घेऊ नये,’ असं म्हणणारा एकजण प्रत्येक बैठकीत असतो, आणि त्याचा स्वतःचा पगार दर महिन्याच्या एक तारखेला जमा होत असतो. मुख्य गायिकेने मानधन सोडलं तर तिचा गौरव होतो, फोटो छापून येतो. तबला, पेटी आणि ध्वनिव्यवस्थेवाल्या पोराने सोडलं तर त्याच्या घरी त्या आठवड्याचं रेशन येत नाही. त्यांचे पैसे आधी द्यावेत आणि मग उरेल त्याला निधी म्हणावं, असं माझं मत आहे, आणि त्यावर मी भांडतो.

अम्मा आणि सदाशिवम यांनी दिलं ते मात्र असं उरेल ते नव्हतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांचं ‘कल्की गार्डन्स’ हे ऐसपैस घर विकावं लागलं आणि दोघं नुंगमबाक्कमच्या साध्या घरी राहायला गेली. तेव्हा तिरुपती देवस्थानाने अम्मांकडून ‘बालाजी पंचरत्नमाला’ ध्वनिमुद्रित करून घेतली. त्यातून त्यांना उत्पन्न मिळावं हाही हेतू त्यामागे होता. पुढे १९९८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं, संगीतक्षेत्रातल्या कलावंताला मिळालेलं पहिलं.

आमच्या पुढच्या कार्यक्रमाची बैठक येत्या रविवारी आहे. निवेदन करायला सहाजण तयार आहेत, पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला त्याहून जास्त. तिकिटांची वही अजून माझ्याच टेबलावर पडून आहे.