बॉनेट उघडून दाखवा!

लग्नसराई आली की उजनीच्या पाण्यालगत प्री-वेडिंग शूटची गर्दी होते. पिस्ता रंगाची प्रीमियर पद्मिनी, टपावर फुलं, वर ड्रोन. खाली कॅप्शन: 'रिस्टोअर्ड विंटेज'. अशा गाडीच्या मालकाला माझं एकच सांगणं असतं: बॉनेट उघडून दाखवा.

बहुतेक जण टाळतात. उघडलंच तर आत काळ्या स्प्रेचा चकचकीत थर आणि त्याखाली गंज. मुळात 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज म्हणजे 50 वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी. ऐंशीच्या दशकातली पद्मिनी त्यात बसतच नाही. पण शब्दाचं सोडा. गंजावर रंग मारून त्याला रिस्टोरेशन म्हणणं ही सरळ फसवणूक आहे.

ती मीही केली आहे. बारामतीत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आजोबांची 1986 ची पद्मिनी उभी होती. इंजिन बे घरीच करायचा ठरवला. दोन दिवस वरवर घासलं, स्प्रे मारला, फोटो टाकला, लाइक्स घेतले. पुढच्या पावसाळ्यात रंगाला फोड आले. बॅटरीच्या ट्रेखाली स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर आरपार गेला.

कारण साधं आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे वरचा रंग आतून उचलला जातो. त्या फटीत ओल शिरते आणि गंज पुढे सरकतो. बॅटरीचं ॲसिड सांडत असेल तर आणखी लवकर. शिवाय या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. इंजिनाच्या आजूबाजूचा पत्रा भार पेलतो. तो सडलेला ठेवून तुम्ही त्यात नवरा-नवरीला बसवता. उद्या गाडी खड्ड्यात आदळली तर जबाबदार कोण?

'नीट करणं हा श्रीमंतांचा शौक' असं मित्र म्हणतात. मला पटत नाही. दुसऱ्या वेळी मी आधी बॅटरी काढली आणि वायर ब्रशने पत्रा उघडा केला. बोल्ट आणि ब्रॅकेट मळीत भिजत घातले. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, ड्रमवर झाकण, पंधरा दिवस. मळी गंज सोडवते आणि चांगलं लोखंड जवळपास तसंच राहतं. ॲल्युमिनियमचे भाग मात्र त्यात टाकायचे नाहीत, खराब होतात. वास भयंकर, पण उसाच्या पट्ट्यात वाढलेल्याला त्याचं काय! सडलेला पत्रा कापून नवा जोडायचं काम वेल्डिंगच्या मिस्त्रींना दिलं, ते माझं काम नव्हतं. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी रेड ऑक्साइड मारला. चार महिने गेले. पैशांपेक्षा वेळच जास्त लागला, आणि रील करण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 ला निवृत्त झाली, तेव्हा आपण सगळ्यांनी हळवे स्टेटस ठेवले. पण ही गाडी आपल्या मातीशीही जोडलेली आहे. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 मध्ये वालचंद हिराचंद यांनी सुरू केली. इंदापूर तालुक्यात साखर कारखान्याभोवती वसलेलं वालचंदनगर त्यांच्याच नावाचं. बारामती एमआयडीसीत आजही तीनचाकी गाड्या बनतात. म्हणजे इथल्या पोरांच्या हाताला पाना नवा नाही. अशा भागात आपण गाडीचं निव्वळ प्रॉप करतो, याची मला लाज वाटते.

म्हणून गाडी घेताना, भाड्याने ठरवताना, अगदी लाइक देतानाही बॉनेट उघडायला सांगा. ट्रेखाली बघा. पत्र्यावर चुंबक लावा. पुट्टी भरली असेल तिथे ते धरणार नाही. गाडी फक्त फोटोपुरती असेल तर शोपीस म्हणा, माझी हरकत नाही.

माझ्या पद्मिनीचा बाहेरचा रंग अजून उडालेलाच आहे. बॉनेट मात्र कधीही उघडून बघा.